विंडोजवर नीट चालणारी पायथन स्क्रिप्ट उबुंटूवर "फाइल नाही" म्हणते, आणि फाइल तर समोर दिसतेय

वारणाकाठ

नमस्कार मंडळी, दोन दिवस डोकं धरून बसलोय, कुणीतरी बघा. आमच्याकडं दूध संकलनाची पाच केंद्रं आहेत, त्यांचा रोजचा हिशोब म्हणजे लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) आणि दर मी पायथनच्या एका स्क्रिप्टमधून काढतो. घरच्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहे, तिथं आठ महिने काही तक्रार नाही. पण लॅपटॉप सकाळ-संध्याकाळ चालू ठेवायला लागतो आणि आमच्याकडं लाइटचा भरवसा नाही, म्हणून एक छोटा उबुंटू सर्व्हर भाड्यानं घेतला आणि सगळं तसंच्या तसं तिकडं टाकलं.

आता दोन गोष्टी होतायत. पहिली, स्क्रिप्ट अहवाल लिहिते असं दाखवते, एरर येत नाही, पण अहवाल फोल्डरमध्ये बघितलं तर रिकामं. दुसरी, वाचताना फाइल सापडत नाही म्हणून थांबते. कोडमध्ये पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता, मी असा जोडतो:

नाव = "डेटा" + "\\" + केंद्र + "\\" + "सकाळ.सीएसव्ही"

मग मी सगळीकडं \ काढून / घातलं तर बाकीच्या फाइल उघडल्या, पण "शेतकऱ्यांची_यादी" ही एकच फाइल अजून सापडत नाही. फोल्डरची यादी काढली की ती फाइल तिथं आहे, उघडायला गेलं की नाही म्हणते. स्पेलिंग शंभर वेळा बघितलंय. परवा दहा दिवसांचं बिल काढायचंय, त्यामुळं जरा घाई आहे.

अनिकेत_पायथन

पहिलं सोपं आहे. \ हा फक्त विंडोजवर फोल्डर वेगळे करतो, लिनक्सच्या (उबुंटू हा त्याचाच प्रकार) दृष्टीनं ते नावातलं एक साधं अक्षर आहे, क किंवा ख असावं तसं. त्यामुळे तुझे अहवाल गेलेले नाहीत, स्क्रिप्ट जिथून चालवलीस त्या फोल्डरमध्ये एलएस, म्हणजे फाइलींची यादी दाखवणारी कमांड, चालवून बघ, 'अहवाल\वडगाव\सकाळ.सीएसव्ही' अशा लांबलचक नावाच्या फाइल पडलेल्या असतील, आणि एलएस त्यांना अवतरण चिन्हात दाखवेल कारण नावात विचित्र अक्षर आहे. ते फोल्डर-बिल्डर काही नाही, अख्खं एक नाव आहे ते. म्हणूनच एरर आला नाही, लिनक्सला त्यात वावगं काहीच वाटलं नाही.

उपाय म्हणजे स्ट्रिंग जोडणं सोड. पाथलिब मॉड्यूल पायथन ३.४ पासून, म्हणजे २०१४ पासून सोबतच येतं, त्यातला पाथ घे. मग कोड असा होतो:

फाइल = मूळ / "डेटा" / केंद्र / "सकाळ.सीएसव्ही"

इथला / म्हणजे भागाकार नाही आणि विभाजक अक्षरही नाही, पाथ ऑब्जेक्टनं त्याला "हे पुढं जोड" असा अर्थ दिलाय, चिन्ह कुठलं लावायचं ते ज्या मशीनवर चालतंय त्यानुसार ठरतं. ३.६ पासून ओपनला हा ऑब्जेक्ट थेट देता येतो, स्ट्रिंग करत बसावं लागत नाही. एकच सांभाळ, उजवीकडचा तुकडा / नं सुरू करू नकोस. मूळ / "/डेटा" लिहिलंस तर लिनक्सवर मूळ गायब होतं आणि थेट रूटमधल्या डेटा फोल्डरकडे जातं, आणि तिथंही तुला एरर न येता चुकीच्या जागी लिहिलं जाऊ शकतं.

आणि मूळ काय ठेवायचं, तर स्क्रिप्टची स्वतःची जागा. दोन-दोन अंडरस्कोरमधलं जे फाइल व्हेरिएबल असतं त्याचा पाथ कर, रिझॉल्व्ह कर, त्याचा पेरेंट घे. हे आत्ताच कर कारण उद्या तू हे क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालवणाऱ्या सोयीला, लावशील, आणि क्रॉन तुझ्या होम फोल्डरमधून चालवतो, स्क्रिप्टच्या फोल्डरमधून नाही, मग परत इथं येशील की हातानं चालतं, क्रॉनला चालत नाही.

यादीच्या फाइलचं मात्र कळलं नाही. नावाच्या शेवटी स्पेस आहे का बघ.

मेधा_कुलाबकर

अनिकेतनं सांगितलं ते बरोबर आहे, मी थोडं मागचं सांगते, कारण एकदा कारण कळलं की ही चूक हातून परत होत नाही असा माझा अनुभव आहे, बावीस वर्षं हेच काम करतेय.

लिनक्सची पूर्वज असलेल्या युनिक्समध्ये / आधीपासून होता. १९८१ च्या डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या यंत्रणेच्या, पहिल्या आवृत्तीत फोल्डरच नव्हते, आणि कमांडला पर्याय द्यायला / वापरायचे, आजही विंडोजच्या काळ्या खिडकीत डिर /पी लिहितोच की आपण. १९८३ मध्ये डॉस २.० आलं आणि फोल्डर आले तेव्हा / आधीच अडकलेला होता, लोकांच्या सवयी मोडायच्या नव्हत्या, म्हणून उलटा \ घेतला. पण गंमत अशी की विंडोजच्या आतली यंत्रणा / सुद्धा समजून घेते, त्यामुळे पायथनच्या ओपनला विंडोजवर डेटा/वडगाव/सकाळ दिलं तरी ते उघडतं. उलट मात्र होत नाही.

दुसरं, वारणाकाठ, तुझे फोल्डर मराठी नावाचे आहेत म्हणून तू एका मोठ्या खड्ड्यातून वाचलायस. पायथनच्या स्ट्रिंगमध्ये \ नंतर इंग्रजी एन आला की नवी ओळ होते, टी आला की टॅब. न्यू नावाचा फोल्डर असता आणि तू एकच \ घातला असतास तर पाथच्या मधोमध ओळ तुटली असती. सी ड्राइव्हच्या यूझर्स फोल्डरचा पाथ सरळ चिकटवला तर पायथन ३ फाइल चालवायलाच नकार देतो, कारण \ आणि मोठा यू दिसला की त्याला पुढं आठ आकडी युनिकोड क्रमांक, म्हणजे अक्षराला दिलेला ठरावीक नंबर, हवा असतो. नवी मुलं यावर अर्धा दिवस घालवतात. \न ला असा काही अर्थ नाही, म्हणून तो तसाच राहतो, पण पायथन ३.१२ पासून त्यावरही इशारा येतो, तर त्याच्या भरवशावर राहू नकोस.

आणि एक महत्त्वाचं विचारते. तू पाथ कुठं साठवून ठेवतोस का, डेटाबेसमध्ये किंवा कुठल्या सेटिंगच्या फाइलमध्ये? ठेवत असशील तर विंडोजवर लिहिलेले \ तिथं बसलेले असतील आणि कोड कितीही सुधारलास तरी ते बाहेर येत राहतील. साठवताना अ‍ॅज-पॉसिक्स हे पाथलिबचं फंक्शन वापरून / नं साठव, आणि जुने आहेत ते प्युअर-विंडोज-पाथ या क्लासनं वाच, तो लिनक्सवरसुद्धा \ ला विभाजक मानतो, नुसतं वाचायचं काम करतो, डिस्कला हात लावत नाही.

वारणाकाठ

मेधाताई, अनिकेतदादा, मनापासून आभार. अहवाल सापडले!! होम फोल्डरमध्ये अशा ३७ फाइल पडल्या होत्या, अगदी तसल्याच अवतरण चिन्हातल्या. मी समजत होतो लिहिलंच जात नाहीये. आणि हो ताई, सेटिंगच्या जेसन फाइलमध्ये केंद्रांचे पाथ \ लावूनच होते, ते पण बदलले.

पण यादीची फाइल अजून तशीच. शेवटी स्पेस नाही. पाथलिबनं फोल्डरमधल्या फाइल फिरवल्या तर ती येते, आणि मीच तयार केलेल्या पाथला एक्झिस्ट्स (आहेस का) विचारलं तर फॉल्स, म्हणजे नाही. एक विचित्र गोष्ट सापडली, टर्मिनलमधून ते नाव कॉपी करून कोडमध्ये पेस्ट केलं की उघडते, आणि हातानं टाइप केलं की नाही. दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवून बघतोय, काडीचा फरक नाही.

जुळारी

ही फाइल मॅकवरून आलीय का?

वारणाकाठ

हो! मावसभावानं त्याच्या जुन्या आयमॅकवर यादीतली नावं दुरुस्त केली आणि त्यानंच थेट सर्व्हरवर टाकली. बाकीच्या फाइल माझ्या लॅपटॉपवरून गेल्यात. पण मॅकचा काय संबंध?

जुळारी

मग तुझा घोटाळा ऱ मध्ये आहे. मी अक्षरजुळणीच्या धंद्यातला, आमच्या छापखान्यात अर्धी मशिनं मॅक आणि अर्धी विंडोज, हा प्रकार मी इतक्यांदा बघितलाय की नावात ऱ्या दिसला की मी आधी तिथंच जातो. असं कर, फोल्डरमधून आलेलं नाव आणि तू टाइप केलेलं नाव दोन्हींची लांबी लेननं काढ, आणि दोन्ही अस्की फंक्शनमधून छाप, म्हणजे अक्षरांऐवजी क्रमांक दिसतील. इथं टाक.

वारणाकाठ

शेवटच्या .csv सकट माझं नाव २०, फोल्डरमधलं २१. माझ्यात त आणि क नंतर ०९३१ आहे. त्याच्यात तिथं ०९३० आणि मग ०९३-सी असे दोन आहेत. बाकी सगळं सारखं.

जुळारी

बरोबर तेच. ऱ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन रीतीनं लिहिता येतं, एक म्हणजे अखंड ऱ, क्रमांक ०९३१, विंडोजच्या मराठी कीबोर्डवर शिफ्ट धरून इंग्रजी J ची कळ दाबल्यावर हाच येतो, आणि दुसरी रीत म्हणजे साधा र आणि त्याच्याखाली नुक्ता. युनिकोडच्या नियमानं दोन्ही एकच अक्षर, पडद्यावर दिसतंही एकच. पण लिनक्सची ext४ फाइल सिस्टिम अक्षरं बघतच नाही, बाइट बघते, आणि अखंड ऱ चे बाइट ३, फोडलेल्याचे ६. तिच्या लेखी ही दोन वेगळी नावं, अगदी एकाच फोल्डरमध्ये दोन्ही शेजारी राहू शकतात. विंडोजची एनटीएफएससुद्धा आपण होऊन काही जुळवत नाही.

मॅकची जुनी फाइल सिस्टिम, एचएफएस प्लस, ही मात्र नाव साठवतानाच अशी अक्षरं फोडून ठेवायची. तू अखंड दिलंस तरी डिस्कवर फोडलेलंच जायचं, आणि मॅकवर शोधताना तीच तुझंही फोडून बघायची म्हणून तिथं कधी अडत नाही. २०१७ च्या हाय सिएरापासून एपीएफएस आली, ती दिलेलं नाव तसंच ठेवते आणि शोधताना दोन्ही रूपं एकच धरते. पण आधीच फुटलेलं नाव त्यावर आलं तर ते फुटलेलंच राहतं. भावाचा आयमॅक जुना आहे म्हणतोस, तर तिथली डिस्क एचएफएस प्लस असणार. त्यानं फाइल सर्व्हरवर टाकली तेव्हा फोडलेले बाइट तसेच गेले.

दुरुस्ती दोन ठिकाणी कर. सर्व्हरवरच्या फाइलींना कन्व्हएमव्ही नावाचं टूल आहे, त्याला यूटीएफ-८ कडून यूटीएफ-८ कडेच आणि एनएफसी असं सांगितलं की सगळ्या फोल्डरची नावं अखंड रूपात करून देतं, आधी नुसतं काय करणार ते दाखवतं, नोटेस्ट लावल्यावर खरं बदलतं, ते दाखवलेलं नीट वाचून मगच नोटेस्ट लाव. आणि कोडमध्ये युनिकोडडेटा मॉड्यूलचं नॉर्मलाइझ वापर, एनएफसी देऊन, बाहेरून आलेलं कुठलंही नाव तुलना करायच्या आधी त्यातून काढ.

आता जे सांगतोय ते जास्त त्रासाचं. मराठीत ऱ्या ची तिसरी रीत पण आहे. साधा र, हलन्त आणि मग झिरो विड्थ जॉइनर, हे न दिसणारं अक्षर, क्रमांक २००-डी. बऱ्याच जुन्या साइटवर आणि काही फोनच्या कीबोर्डवर अजून हेच येतं. हे युनिकोडच्या लेखी ऱ शी समान नाही, त्यामुळे एनएफसी याला हातसुद्धा लावत नाही. आणि बघ, त्या रीतीनं तुझ्या फाइलचं नाव लिहिलं तरी लांबी २१ च भरते, म्हणजे नुसत्या आकड्यावर विसंबू नकोस, क्रमांकच छाप. यासाठी स्वतःची एक ओळ लिहावी लागते, र, हलन्त, जॉइनर हे तीन दिसले की ऱ आणि हलन्त करून टाकायचं.

अनिकेत_पायथन

जुळारी, हे मला अजिबात ठाऊक नव्हतं, धन्यवाद. पण मग फाइलची नावं इंग्रजीत ठेवणं सरळ नाही का? यादी, केंद्र एक, केंद्र दोन असं रोमनमध्ये.

मेधा_कुलाबकर

मला नाही पटत. इंग्रजी नावांची स्वतःची दुखणी आहेत, मोठा डी आणि लहान डी. विंडोज आणि मॅकवर साधारणपणे दोन्ही एकच धरतात, लिनक्सवर दोन वेगळ्या फाइल. लॅपटॉपवर चालणारा कोड सर्व्हरवर बंद पडायचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे, आणि गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलमध्ये नुसतं अक्षर लहान-मोठं केलं तर विंडोजवर तो बदल दिसतही नाही. देवनागरीत लहान-मोठं अक्षरच नाही, तो प्रश्नच येत नाही. मराठी नावं ठेवायची तर फक्त लांबी सांभाळायची, ext४ मध्ये नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीचं एकेक अक्षर, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट खातं, म्हणजे जास्तीत जास्त ८५. एनटीएफएसवर तेच २५५ चालतात, म्हणून १०० अक्षरांचं नाव लॅपटॉपवर बसेल आणि सर्व्हर नाही म्हणेल.

वारणाकाठ

अनिकेतदादा, नावं मराठीतच ठेवणार आहे. केंद्रावरचे सचिव स्वतः फोल्डर उघडून अहवाल बघतात, सहावीपर्यंत शिकलेत, मराठी वाचतात, इंग्रजी नाव दिसलं की मला फोन करतात. त्यांना त्यांचं त्यांना बघता यावं म्हणूनच हे सगळं केलंय.

मांडवीचा_देवा

उशिरा येतोय पण एक सांगून ठेवतो, सकाळ-संध्याकाळच्या फाइली आहेत म्हणजे कधीतरी नावात वेळ घालशील. विंडोजवर नावात : चालत नाही हे सगळे सांगतात, पण खरं काय होतं ते मी सांगतो. इकडं पणजीत मासळीच्या एका कोल्ड स्टोरेजचं तापमान नोंदवायची स्क्रिप्ट मी लिनक्सवर लिहिली होती, दर अर्ध्या तासाला एक फाइल, नाव तापमान_०६:३०. तीच त्यांच्या विंडोजच्या मशीनवर लावली. एरर नाही काही नाही. फोल्डरमध्ये तापमान_०६, तापमान_०७ अशा फाइल, प्रत्येक ० केबी. सेन्सर मेला म्हणून आम्ही सेन्सर बदलला, वायर बदलली, तरी तेच.

मग कळलं की एनटीएफएसमध्ये : चा अर्थच वेगळा आहे, त्याच्या पुढचं म्हणजे त्याच फाइलचा एक लपलेला खिसा. नोंदी सगळ्या होत्या, ०६ नावाच्या रिकाम्या फाइलच्या खिशात. डिर /आर लिहिल्यावर एकेक दिसल्या. पण मधल्या काळात जो डेटा पेनड्राइव्हवर कॉपी करून दिला होता तो गेला, कारण पेनड्राइव्ह एक्सफॅटची आणि तिला असले खिसे माहीत नाहीत. वीस दिवसांच्या नोंदी. वेळ लिहायचीच तर ०६-३० किंवा ०६३० लिही.

वारणाकाठ

देवा, बरं झालं सांगितलंत, पुढच्या आठवड्यात तेच करणार होतो, दुसरी पाळी उशिरा सुरू झाली की वेळ नावात घालायची असं ठरलं होतं. आता रेघ वापरतो.

मंडळी, काम झालं. कन्व्हएमव्हीनं एकच फाइल बदलली, तीच यादीची. स्क्रिप्ट क्रॉनला लावली, काल संध्याकाळचा आणि आज सकाळचा अहवाल जागेवर आला, बिल पण निघालं.

पण जुळारीकाका, तुम्ही तिसरी रीत सांगितली ती डोक्यात राहिली म्हणून फाइलच्या आतली नावं पण तपासली, कुऱ्हाडे, बिऱ्हाडे, गोऱ्हे अशी आडनावं आमच्याकडं पुष्कळ. आणि सापडलं. आमच्या एका काकांची सकाळची नोंद केंद्रावरच्या लॅपटॉपवरून होते, अखंड ऱ, आणि संध्याकाळची सचिवांच्या फोनवरून होते, त्यात जॉइनर. स्क्रिप्टला ते दोन वेगळे शेतकरी वाटत होते. आठ महिने त्यांचं बिल दोन चिठ्ठ्यांवर यायचं, आणि ते, सचिव आणि मी, तिघांनाही वाटायचं की एक गाईच्या दुधाची आणि एक म्हशीच्या. पैसे बरोबर मिळालेत, लिटर जुळतंय, पण महिन्याला ठरावीक लिटरच्या वर गेलं की जो जादा दर असतो तो त्यांना कधीच लागला नाही, कारण दोन्ही निम्मे निम्मे त्या आकड्याच्या खाली राहिले.

तुमची ती एक ओळ नाव वाचतानाच घातलीय, मागच्या सगळ्या फाइली परत चालवल्या, आठ महिन्यांतल्या पाच महिन्यांचा फरक निघतोय. सचिवांना फोन केला, ते म्हणाले कागद घेऊन ये. संध्याकाळच्या दुधाला काका येतील तेव्हा त्यांच्यासमोरच मांडतो.